अंतर एकच, प्रवास दोन!

फोन हातात घ्या आणि नकाशात दोन विमानतळ शोधा. पहिला होनोलुलू, हवाई बेटांवरचा. दुसरा ग्वाम. दोन्ही प्रशांत महासागरात, दोन्हीकडे अमेरिकेचा झेंडा, आणि मधे बघाल तिकडे निळंशार पाणी. अंतर किती, विचारलंत तर उत्तर येईल साधारण ६,१०० किलोमीटर. आता विचारा, विमानाला किती वेळ लागतो? इथे खरी गंमत सुरू होते. एक उत्तर मिळतं : जवळपास आठ तास. दुसरं उत्तर मिळतं : साडेचौदा तास, कधी पंधरासुद्धा.

विमान कंपनी तीच. समुद्र तोच. सुटायचं ठिकाण तेच, उतरायचं ठिकाणही तेच. मग हे मधले साडेसहा तास गेले कुठे?

‘कनेक्टिंग फ्लाइट असेल, बसवून ठेवत असतील कुठेतरी,’ असं तुम्ही म्हणाल. तसं नाही. दुसऱ्या प्रवासात विमान बदलावंच लागत नाही. तेच विमान, तीच सीट. फक्त ते वाटेत पाच वेळा उतरतं आणि पाच वेळा पुन्हा उडतं. आपल्याकडे कशी एक गाडी विनाथांबा सुसाट जाते आणि दुसरी फाट्याफाट्यावर थांबत, माणसं आणि पोती उतरवत जाते, तसंच हे. या दुसऱ्या फ्लाइटला सगळं जग ‘आयलंड हॉपर’ म्हणतं. म्हणजे बेटाबेटांवर टुणटुण उड्या मारत जाणारी. आकाशातली एसटीच म्हणा ना.

या दोन प्रवासांचा हिशेब मांडला की एक गोष्ट लख्ख दिसते. किलोमीटर हा प्रवासातला सगळ्यात सोपा आकडा आहे. तास हा आकडा अवघड, कारण त्यात वारा येतो, घड्याळ येतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं येतात.

आधी किलोमीटर

दोन बेटांमधलं अंतर मोजायला समुद्रात कुणी टेप घेऊन जात नाही. अक्षांश-रेखांश माहीत असले की बारावीच्या त्रिकोणमितीवर काम भागतं. तुमच्या फोनमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो.

कृती अशी. दोन्ही ठिकाणच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही उत्तरांची बेरीज करा. त्या बेरजेचा उलटा कोसाइन काढला की अंशांमध्ये कोन मिळतो. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणलं की झालं.

होनोलुलू २१.३२ अंश उत्तर, १५७.९२ अंश पश्चिम. ग्वाम १३.४८ अंश उत्तर, १४४.८० अंश पूर्व. रेखांशांतला फरक ५७.२८ अंश. (दोन्ही बाजूंनी १८० पर्यंत मोजा आणि बेरीज करा. एक पश्चिम आणि एक पूर्व असल्यामुळे नुसती वजाबाकी केलीत तर गडबड होईल.) बेरीज येते ०.५७४. उलटा कोसाइन ५४.९ अंश. म्हणजे जवळपास ६,११० किलोमीटर. सर्चमध्ये जो आकडा दिसतो तो असाच काढलेला असतो.

आता एक चमत्कार बघा. ग्वाम होनोलुलूपेक्षा बरंच दक्षिणेला आहे, जवळजवळ आठ अंश, म्हणजे ८७० किलोमीटर. तेव्हा विमानाने निघताना नाक थोडं दक्षिणेकडे वळवायला हवं, असं आपल्याला वाटणार. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषाही तशीच येते. पण सगळ्यात जवळचा मार्ग होनोलुलूहून निघतो तो थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून! पुढे तो हळूहळू दक्षिणेकडे वळत ग्वामला पोहोचतो. कारण पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. पटत नसेल तर लायब्ररीतल्या पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून बघा. दोरा ताठ झाला की तो आपोआप सगळ्यात जवळच्या वाटेवर बसतो. या वाटेला ‘बृहद्‌वृत्त’ म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत तुम्ही ‘ग्रेट सर्कल’ वाचलं असेल.

जाताना आठ, येताना सात

६,११० किलोमीटरला जेट विमानाने किती वेळ घ्यावा? ताशी सरासरी ८०० धरा, पावणेआठ तास येतात. नॉनस्टॉप फ्लाइट साधारण तेवढाच वेळ घेते. पण ही झाली होनोलुलूहून ग्वामला जातानाची गोष्ट. परतीला तेच अंतर साधारण अर्धा-पाऊण तास आधीच संपतं.

कारण वारा. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथं वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ग्वामला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर थाप मारतात. लंडनला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. मुंबईहून जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हा अनुभव त्याच वाऱ्याचा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत मोजला जातो आणि आपल्याला पोहोचायचं असतं जमिनीवर. हवाच सरकत असेल तर हिशेब बदलणार.

तेव्हा ‘या दोन विमानतळांत किती तासांचं अंतर?’ या प्रश्नाला नॉनस्टॉप फ्लाइटमध्येसुद्धा दोन उत्तरं आहेत. कुठून कुठे, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

पाच थांबे, एक मेकॅनिक

आता आपल्या एसटीकडे वळू. आयलंड हॉपर होनोलुलूहून सकाळी सुटते. पहिला टप्पा सगळ्यात लांब, माजुरोपर्यंत, सुमारे ३,६७० किलोमीटर. माजुरो ही मार्शल आयलंड्स या देशाची राजधानी. पुढे क्वाजलिन, ४३० किलोमीटर. मग कोश्राय, ६५०. मग पोनपे, ५६०. मग चूक, ७००. (हो, बेटाचं नाव खरंच ‘चूक’ आहे, छपाईची चूक नाही!) आणि शेवटी ग्वाम, १,०२० किलोमीटर. कोश्राय, पोनपे आणि चूक ही मायक्रोनेशिया या संघराज्यातली राज्यं. काही दिवशी यातला एखादा थांबा गळतो, पण मार्ग साधारण हाच.

सगळ्या टप्प्यांची बेरीज करा. सुमारे ७,००० किलोमीटर. थेट मार्गापेक्षा जेमतेम ९०० किलोमीटर जास्त, म्हणजे १५ टक्के. वेळ मात्र जवळपास दुप्पट!

म्हणजे ते साडेसहा तास वाकड्या वाटेने खाल्लेले नाहीत. ९०० किलोमीटरचा जादा तास-सव्वा तास बाजूला काढा. पाच थांब्यांवर प्रत्येकी पाऊण-एक तास, म्हणजे चारेक तास तिथे गेले. उरलेला वेळ जातो तो पुन्हा पुन्हा चढण्या-उतरण्यात. विमान जमिनीवर सावकाश सरकतं, वर चढताना आणि खाली येताना त्याचा वेगही कमी असतो. ४३० किलोमीटरच्या टप्प्यात तर ते पुरतं वर पोहोचतं न पोहोचतं तोच खाली यायची वेळ होते. शिवाय हॉपरसाठी वापरलं जाणारं बोइंग ७३७ मोठ्या विमानांपेक्षा थोडं हळू उडतं.

मोठं विमान का वापरत नाहीत? धावपट्टी बघा. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. चूकची १.८ किलोमीटरच्या आसपास. कोश्रायची त्याहूनही थोडी आखूड. बेटावर सपाट जमीन मुळातच कमी. माजुरोला तर जमिनीची पट्टी इतकी अरुंद, की धावपट्टीच्या एका अंगाला खाजण आणि दुसऱ्या अंगाला खुला महासागर. खिडकीतून बघताना चाकं आता पाण्यालाच टेकणार असं वाटतं.

हा निव्वळ भास आहे असंही नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये पोनपेहून चूकला आलेलं एअर न्यूगिनीचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच खाजणात कोसळलं. विमानात ४७ जण होते. एका प्रवाशाचा जीव गेला. बाकीचे वाचले, कारण आसपासचे बेटवासी आपल्या छोट्या होड्या घेऊन ताबडतोब विमानापाशी पोहोचले. तिथे काम करत असलेले अमेरिकी नौदलाचे पाणबुडेही मदतीला धावले.

हॉपरमध्ये आणखी एक प्रवासी असतो, जो कुठल्याच बेटावर फिरायला उतरत नाही. तो म्हणजे कंपनीचा मेकॅनिक. सोबत काही सुटे भागही असतात. मधल्या बेटांवर दुरुस्तीची सोय नाही. विमान कोश्रायला बिघडलं तर दुसरीकडून माणूस येईल कसा? येण्याची वाट हेच तर विमान! एवढ्या लांब दिवसासाठी जादा वैमानिकही बरोबर असतात.

आणि क्वाजलिन? तिथे विमान थांबतं, पण तुम्हाला उतरता येत नाही. हा अमेरिकी लष्कराचा तळ आहे, क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांसाठीचा. परवानगीपत्र असलेलेच खाली उतरतात. बाकीच्यांनी आत बसायचं आणि फोटोबिटो काढायचा नाही. एका फ्लाइटमध्ये एवढे नमुने बघायला मिळतात म्हणून जगभरचे विमानवेडे मुद्दाम हे लांबचं तिकीट काढतात, खिडकीची सीट धरून बसतात.

घड्याळ म्हणतं, काल पोहोचलात!

आता तिकिटावरची वेळ वाचू. समजा, नॉनस्टॉप विमान होनोलुलूहून सोमवारी सकाळी सातला निघालं. आठ तासांनी ग्वामला उतरलं. किती वाजले? मंगळवारचे सकाळचे अकरा. मधली आख्खी सोमवारची रात्र कुठे गेली? कुठेच नाही. ग्वामचं घड्याळ होनोलुलूच्या २० तास पुढे आहे. वाटेत तुम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. ग्वामवाले अभिमानाने सांगतात की अमेरिकेचा दिवस आमच्याकडे उगवतो. त्याचं कारण हेच.

परतीला याच्या उलट. मंगळवारी सकाळी सातला ग्वामहून निघालात, सात तास उडालात, तर होनोलुलूत उतराल सोमवारी संध्याकाळी सहाला. तिकिटावर पोहोचायची वेळ निघायच्या वेळेच्या १३ तास आधीची! एखाद्याचा वाढदिवस मंगळवारी असेल तर तो ग्वामला पहाटेच केक कापून, विमानात बसून, दुसऱ्या दिवशी होनोलुलूत पुन्हा कापू शकतो. गणित सोडवताना एकच पथ्य पाळा. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

ही वाररेषा निसर्गाने आखलेली नाही, हेही लक्षात ठेवा. ती माणसांच्या सोयीने वळते. याच महासागरात दक्षिणेला आणखी दोन बेटं आहेत : स्वतंत्र देश असलेला सामोआ आणि अमेरिकेचा अमेरिकन सामोआ. सामोआच्या फालेओलो विमानतळापासून अमेरिकन सामोआच्या पागो पागोपर्यंतचं अंतर सुमारे १५० किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे! छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोहोचवतं.

पण २०११ मध्ये सामोआने ठरवलं की आपला व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी आहे, तर वारही त्यांचाच हवा. इकडे शुक्रवार तेव्हा तिकडे शनिवारची सुट्टी, असा आठवडा वाया घालवण्यात काय अर्थ? म्हणून त्या देशाने ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरमधून उडवला. लोक २९ तारखेच्या गुरुवारी झोपले आणि ३१ तारखेच्या शनिवारी उठले. अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच वारावर राहिला. त्यामुळे आज सामोआहून शनिवारी दुपारी निघालेला माणूस पागो पागोला उतरतो तेव्हा तिथे शुक्रवार दुपार असते. तिथून परतीच्या फ्लाइटला कॅलेंडरवर एक आख्खा दिवस लागतो. बेटं जागची हललेली नाहीत, १५० किलोमीटरचे १५१ झालेले नाहीत.

मग ही एसटी चालते कुणासाठी?

परत हॉपरकडे येऊ, कारण खरा प्रश्न अजून बाकी आहे. आठ तासांची सोय असताना साडेचौदा तासांची फ्लाइट चालवायची कशाला?

हा प्रश्न होनोलुलूत किंवा ग्वाममध्ये उभं राहून विचारला तर बरोबर वाटतो. आता कोश्रायमध्ये उभं राहून विचारून बघा. जेमतेम सहा-सात हजार वस्तीचं बेट. नॉनस्टॉप विमान कुठेतरी उत्तरेकडून, शेकडो किलोमीटर दुरून निघून जातं. त्याची घरघरसुद्धा इथे ऐकू येत नाही. ज्या फ्लाइटला आपण ‘स्लो’ म्हटलं ती इथल्या माणसासाठी जगात जायची वाट आहे. आणि ‘फास्ट’ फ्लाइटचा त्याला काडीचा उपयोग नाही.

ही सेवा १९६८ मध्ये ‘एअर मायक्रोनेशिया’ या नावाने सुरू झाली. मागे कॉन्टिनेंटल ही अमेरिकी विमान कंपनी होती, जी पुढे युनायटेडमध्ये विलीन झाली. सुरुवातीच्या काळात काही धावपट्ट्या नुसत्या प्रवाळाचा चुरा दाबून केलेल्या होत्या. त्यावर जेट विमानं उतरवायची म्हणजे धाडसच.

या विमानात कोण असतं? तुमच्याच वयाची मुलं असतात. मार्शल आयलंड्स आणि मायक्रोनेशिया या दोन्ही देशांचा अमेरिकेशी एक खास करार आहे. त्यामुळे तिथले नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहू शकतात, शिकू शकतात, नोकरी करू शकतात. माजुरोत आणि पोनपेत कॉलेजं आहेत, पण त्यापुढची पदवी हवी असेल तर ग्वामचं विद्यापीठ गाठायचं, नाहीतर हवाई, नाहीतर अमेरिकेची मुख्य भूमी. ग्वाममध्ये शिकणाऱ्या कोश्रायच्या मुलीला ‘घर किती लांब?’ विचारलं, तर किलोमीटरचा आकडा तिच्या काय कामाचा? हॉपर आठवड्यातून मोजक्याच दिवशी जाते. आजची चुकली तर थांबा पुढच्या खेपेपर्यंत. आजीची तब्येत बिघडली म्हणून आज रात्री निघू, असं तिला म्हणता येत नाही.

त्याच विमानात पेशंट असतात, ज्यांच्यावरचे उपचार बेटावरच्या दवाखान्यात होऊ शकत नाहीत. टपाल असतं, औषधं असतात. बर्फाच्या डब्यांतून पाठवलेली घरची मासळी असते, कारण परगावी राहणाऱ्याला आपल्या पाण्यातला मासा हवा असतो. हे तर कोकणी माणसाला वेगळं सांगायला नकोच.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला आणि या दोन्ही देशांनी दारं लावून घेतली. निर्णय भीतीपोटी असला तरी शहाणपणाचा होता. छोट्या बेटावर आयसीयूचे बेड किती असणार? माल येत राहिला, माणसं थांबली. शिकायला, उपचाराला, कामाला बाहेर गेलेले कित्येक नागरिक महिनोन्‌महिने आपल्याच घरापासून तुटले. नंतर काहींना विलगीकरणात ठेवून टप्प्याटप्प्याने परत आणलं गेलं. दोन्ही देशांचे दरवाजे नेहमीसारखे उघडले ते २०२२ च्या उत्तरार्धात.

त्या काळातही तुम्ही सर्च केलं असतं तर पोनपे ते होनोलुलू अंतर तेवढंच दिसलं असतं. एका किलोमीटरचाही फरक नाही. प्रवासाचा वेळ मात्र मोजता येणार नव्हता.

तीन दिवस, एक महिना

हॉपर आपल्याला आज संथ वाटते, पण थोडं मागे जाऊन बघा. १९३५ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने प्रशांत महासागर ओलांडणारी पहिली विमानटपाल सेवा सुरू केली. ‘चायना क्लिपर’ नावाचं पाण्यावर उतरणारं विमान. होनोलुलूहून पहिल्या दिवशी मिडवे बेट, दुसऱ्या दिवशी वेक बेट, तिसऱ्या दिवशी ग्वाम. पुढच्या वर्षी प्रवासी घेतले जाऊ लागले, तेव्हा त्यांच्यासाठी त्या उजाड बेटांवर रात्रीच्या मुक्कामाला हॉटेलं होती. म्हणजे हेच दोन टोकांचे बिंदू आणि वेळ तीन दिवस! आजची सगळ्यात जवळची वाट त्याच वेक बेटाच्या शंभरेक किलोमीटर अंतरातून जाते. पण आता तिथे कुणी चहालाही थांबत नाही.

आणि विमानाच्याही आधी? चूकच्या पश्चिमेला साताव्हाल नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथले माउ पियाइलुग हे नावाजलेले नाविक. १९७६ मध्ये त्यांनी ‘होकुलेआ’ नावाची दोन सांगाड्यांची शिडाची होडी हवाईहून ताहितीला नेली, कुठलंही यंत्र न वापरता. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटांची दिशा, वारा आणि पक्षी, एवढ्यावर. महिन्याभराच्या प्रवासानंतर होडी ताहितीच्या पापेएते बंदरात शिरली तेव्हा किनारा माणसांनी फुलून गेला होता.

या बेटांवरच्या नाविकांची अंतर मोजायची पद्धत तर आपल्या डोक्याला व्यायाम देणारी आहे. तिला ‘एताक’ म्हणतात. तिच्यात होडी चालते असं मानतच नाहीत. होडी जागेवर उभी आहे आणि बेटं आपल्याकडे सरकत येताहेत, असं मानायचं. वाटेच्या बाजूला दूरवर असलेलं एखादं बेट खुणेला धरायचं आणि ते क्षितिजावरच्या एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली सरकलं की एक टप्पा संपला म्हणायचं. ट्रेनच्या खिडकीतून झाडं मागे पळताना दिसतात ना, तसंच. त्यांना किलोमीटर लागत नव्हते. त्यांना लागत होतं ते एवढंच की आपण आत्ता कुठवर आलो आणि अजून किती राहिलं. प्रवाशाचा खरा प्रश्न आजही तोच आहे.

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर शोधाल तेव्हा मिळालेल्या आकड्याला चार प्रश्न विचारा. हे अंतर सरळ उडून गेल्याचं आहे की मी ज्या वाटेने जाणार तिचं? जाताना आणि येताना वेळ सारखाच आहे का? दिलेल्या वेळा कुठल्या घड्याळातल्या आहेत? आणि आठवड्यातून किती वेळा जाता येतं? चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. ॲडमिशनसाठी लांबचं कॉलेज निवडताना तर तो आधी विचारा. गाव २०० किलोमीटरवर असेल, पण गाडी दिवसातून एकच असेल, तर ५०० किलोमीटरवरचं जंक्शन जवळचं ठरतं.

आणि सरावाला आणखी दोन बेटं घ्या. ईस्टर आयलंडचा मातावेरी विमानतळ : २७.१७ अंश दक्षिण, १०९.४२ अंश पश्चिम. माउंची होडी जिथे लागली ते ताहितीचं पापेएते : १७.५५ अंश दक्षिण, १४९.६१ अंश पश्चिम. दोन्ही अक्षांश दक्षिणेचे, दोन्ही रेखांश पश्चिमेचे, त्यामुळे या वेळी रेखांशांची साधी वजाबाकी चालेल. कॅल्क्युलेटरवर उत्तर ४,२५० किलोमीटरच्या आसपास आलं तर गणित बरोबर. वर सांगितलेल्या वेगाने थेट उडालं तर सव्वापाच तासांचं काम.

आता तिकीट शोधा. कुठल्या देशावरून नेतात, किती वेळा उतरवतात आणि एकूण किती तास दाखवतात, ते बघा. ते तास आणि तुमचे सव्वापाच तास शेजारी-शेजारी लिहून ठेवा. त्या बेटावर राहणाऱ्या, तुमच्याच वयाच्या मुलासाठी खरं अंतर त्या दुसऱ्या आकड्यात नसतं, पहिल्यात असतं.